खांब केवढा जवळ आलाय

सुट्टीसाठी भाड्याची बोट ताब्यात घेतली तेव्हा तिच्यावर तीन बिछाने होते, सहा जीवरक्षक जाकिटं (त्यातल्या दोहोंच्या शिट्या गायब), दोन बर्नरची शेगडी, पाण्याची एकशे साठ लिटरची टाकी, एक रबरी होडी आणि माणसं चार: बाबा, आई, मामा आणि मी. चौथा बिछाना कुठे, असं मामाने विचारलं.

"एक जण कायम जागाच असतो, साहेब," बोटवाला म्हणाला.

"मग तो मीच. आमच्या ताईच्या घोरण्यात झोप कुणाला लागणार?"

बाबांकडे परवाना असल्यामुळे वेगळा चालक घ्यावा लागला नाही. ते फेरीबोट चालवतात. खाडीच्या या काठावरून त्या काठावर, एका खेपेला दोनशे माणसं. रोज परक्यांना पलीकडे नेणाऱ्याने एकदा तरी घरच्यांना कुठेतरी न्यावं, असं आईचं म्हणणं होतं. ते तिने बाबांना सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, बाबा शेजारी बसून बूट घालत असताना.

आमच्या घरात बोलणं असंच चालतं, लेकी बोले सुने लागे. जेवण खारट झालं की बाबा मला विचारतात, "मीठ फुकट वाटतायत का गं कुठे?" बाबांना उशीर झाला की आई फोनवर मामाला खणखणीत आवाजात सांगते, की काही लोकांना घड्याळ भेट द्यायला हवं. ज्याला लागायचं त्याला लागतं, आणि कुणालाच काही कबूल करावं लागत नाही.

सुरुवात चांगली झाली. पाणी इतकं स्वच्छ होतं, की वाळूत रुतलेला नांगर वरून दिसत होता. मामा रबरी होडीत चढताना तीनदा पडला. चौथ्यांदा होडीच त्याच्यावर चढली. गुडघ्याच्या वर पाण्यात कधी न गेलेली आई जाकीट घालून चक्क पाठीवर तरंगली.

"अहो!" तिने बोटीच्या उजव्या बाजूने हात हलवला.

बाबा सुकाणूपाशी उभे होते. ते समोर बघत राहिले. तिने पुन्हा हात हलवला.

"दाजींना परस्त्री वाटली असणार," मामा म्हणाला. "सज्जन माणूस, ढुंकून बघत नाही."

आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले, पण जरा उशिरा. मग अख्खी मान वळवून ते आईला शोधू लागले.

त्यानंतर आभाळ भरून आलं ते हटेना. कपडे, उशा, काड्यापेट्या, सगळं ओलं. आईला बोट लागली. तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. मामाचे विनोद हळूहळू आटले. रेडिओवर वाऱ्याचा इशारा आला, तेव्हा प्रवाळाच्या कड्यामागे शांत पाण्यात आसरा घ्यायचं बाबांनी ठरवलं. आत शिरायला एकच अरुंद वाट होती, आणि तिच्या दोन बाजूंना दोन खांब. खांबांच्या मधून गेलं की खोल पाणी. खांबाबाहेर जेमतेम गुडघाभर पाण्याखाली दगडासारखं प्रवाळ.

लांबून दोन्ही खांब समोर, शेजारी शेजारी दिसत होते. बाबांनी नेमका मध्य धरला. आम्ही जवळ जात होतो, तसे खांब एकमेकांपासून दूर सरकत डाव्या-उजव्या हाताला गेले. लाटा बोटीला डावीकडे ढकलत होत्या. बाबांची नजर समोर होती आणि हात स्थिर होते.

"अरे," आई मामाला म्हणाली, "हा डावीकडचा खांब केवढा जवळ आलाय बघ."

मामाला कळलं. तो माझ्याकडे, घरातल्या एकुलत्या विज्ञानाच्या विद्यार्थिनीकडे वळून, बाबांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय गं शास्त्रज्ञ, खांब चालत येतात का तुमच्यात?"

"खांब येत नाही, मामा. आपण जातोय," मीही मोठ्याने म्हणाले.

बाबा आमच्याकडे न बघता हसले. आपली टिंगल चालली आहे असं त्यांना वाटलं. आम्हाला वाटलं, निरोप पोचला.

खालून करकरत आवाज आला आणि बोट अडकली. आई शेगडीवर आदळली.

भरतीने बोट सुटली, ती आत ढकलत नेऊन आम्ही नांगर टाकला. सुकाणूचं पातं वाकलं होतं. आईचं मनगट सुजून पावासारखं झालं होतं. ओढून न्यायला दुसरी बोट सकाळी निघेल, असं बोटवाल्याने कळवलं.

सकाळी ओहोटीत समोरचा वाळूचा पट्टा उघडा पडला. आम्ही रबरी होडीतून तिथे उतरलो. बाबा पाण्याकडे तोंड करून उभे होते. मग मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग—"

"मला सांगा," आई म्हणाली. "मी इथेच आहे."

बाबा वळले. "बाजूचं दिसत नाही मला."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष, दीड वर्ष."

"आणि फेरीबोट?"

"रस्ता पाठ आहे गं."

"बाजूने आडव्या येणाऱ्या होड्याही पाठ आहेत का?"

मामा बादलीने रबरी होडीतलं पाणी उपसू लागला.

"इतकंही वाईट नसेल," बाबा म्हणाले. "काल उजेड कमी होता. पोरी, तू मोज. निरोगी माणसाला किती दिसतं?"

"दोन्ही बाजूंना साधारण नव्वद अंश."

"मला पन्नास भरले तर सोमवारी कामावर जातो. नाही भरले तर मीच साहेबांना सांगेन, यापुढे सुकाणू धरणार नाही."

मी त्यांना उपड्या बादलीवर बसवलं. तीन मीटर दोरी घेऊन त्यांच्याभोवती वाळूत अर्धवर्तुळ काढलं. या अंतरावर एक अंश म्हणजे सव्वापाच सेंटिमीटर. त्या हिशोबाने काठीने खुणा केल्या. नाकासमोर शून्य. डोळे हलवायचे नाहीत, मान वळवायची नाही, आई दिसली की सांगायचं. पावलांवरून अंदाज लागू नये म्हणून मामाला मोठ्याने बोलत राहायला सांगितलं. त्याला काही सुचेना. तो पाढे म्हणू लागला.

आई नव्वदच्या खुणेवरून निघाली. चांगला हात ती डोक्यावर हलवत होती. सत्तर. साठ. पन्नासच्या खुणेपाशी ती थांबली आणि बाबांकडे बघत राहिली.

"निघाली का ती?" बाबांनी विचारलं.

मी तिला पुढे व्हायची खूण केली. मामा अठराच्या पाढ्यात अडखळला आणि पहिल्यापासून म्हणू लागला.

दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा मोजलं. सरासरी आली ती अशी: उजवीकडे चौदा अंश, डावीकडे अकरा.