लाल होडीवरचा चुना

माझे केस आता दगडासारखे ताठ झाले आहेत, मान एका बाजूला कलली आहे आणि कोंबड्यांच्या खुराड्यावरच्या खिळ्याला मी उलटा टांगलेला आहे. अशा अवस्थेत ओळख सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मित्रांनो, मी भिंतींना चुना लावायचा एक जुना कुंचला आहे.

माझा जन्म आमच्या बेटाच्या बंदरावर, एका दोरखंडवाल्याच्या दुकानात झाला. घोड्याच्या शेपटीचे केस, ऑलिव्हच्या लाकडाची मूठ आणि दोघांना धरून ठेवणारी डांबर पाजलेली सुतळी, एवढाच माझा संसार. गारिफालिया तेव्हा नवी नवरी होती. तिच्या सासूने मला आणून तिच्या हातात दिले आणि बजावले, "पोरी, या घरात भाकरी शिळी चालेल, उंबरठा शिळा चालायचा नाही."

आमची गल्ली वर्षातून दोनदा पांढरी होते. एकदा पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधी आणि एकदा ऑगस्टच्या मध्यावर, पनागियाच्या सणाआधी. पनागिया म्हणजे ख्रिस्ताची आई. पण आमच्या बायका तिच्याशी अशा बोलतात, की ती वरच्या आळीत राहणारी थोरली बहीणच वाटावी. सणाच्या दिवशी तिची तसबीर खांद्यांवरून गल्लीगल्लीत फिरते. तिची नजर पडेल तिथे डाग दिसू नये, म्हणून भिंती, पायऱ्या, फरसबंदीच्या दगडांमधल्या फटीसुद्धा आम्ही रंगवतो. गारिफालियाचा हात हलका होता. काम संपले की ती मला व्हिनेगरच्या पाण्यात धुवायची, बोटांनी माझे केस विंचरायची आणि खिडकीत वाळत ठेवायची. शेजारची स्तामातिया म्हणायची, "बाई गं, एवढं पांढरं करतेस, पनागियाला आपल्या गल्लीतून डोळे मिटून जावं लागेल." ते ऐकून मी फुगून जायचो. केस ओले असताना फुगणे सोपे असते.

साऱ्या गल्लीत एकच जागा होती, जिथे माझी गती मंदावायची. शेजारच्या रिकाम्या घराच्या दाराच्या वर, चौकटीच्या दगडावर, गेरूने काढलेली एक लाल होडी होती. ते घर निकितास कोळ्याचे. त्याची बायको तरुणपणीच गेली. नऊ वर्षांच्या लेकीला, मार्गारो तिचे नाव, तिची मावशी ऑस्ट्रेलियाला घेऊन गेली आणि निकितास मागे एकटाच उरला. लेक जाण्यापूर्वी त्याने तिच्यासाठी ती होडी काढली होती. होडीत वल्ही धरलेला तो स्वतः आणि पुढच्या टोकाला एक मुलगी. मुलीची एक वेणी लांब, दुसरी तोकडी. असे का, ते कोणालाच ठाऊक नव्हते. स्तामातियाचे म्हणणे होते, की निकितासला मासे कळायचे, माणसे काढता यायची नाहीत.

त्याच्या शेवटच्या आजारात गारिफालियानेच त्याला सूप पाजले. तेव्हा त्याने तिला एवढेच मागितले होते, "चुना लाव, पण होडीभोवती जागा सोड. होडीला पाणी लागतं." चाळीसएक वर्षे तिने ती जागा सोडली. तिथे आले की ती मला निथळून घ्यायची आणि केसांच्या नुसत्या टोकांनी कडेकडेने फिरवायची.

निकितासनंतर त्या घराची किल्ली कुंडीखाली राहिली आणि हळूहळू घर गारिफालियाच्या अंगवळणी पडले. अंगणातल्या लिंबाला ती पाणी घालू लागली. मग कोंबड्या आल्या. मग तेलाचे बुधले. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही, मुलगा दूर शहरात रमला. ती त्या लिंबाशी बोलू लागली. घर आपले नाही हे तिला पक्के माहीत होते. पण आपले नाही असे तिला कोणी कधी म्हटलेही नव्हते.

तशात गेल्या हिवाळ्यात खालच्या गल्लीत एक वारस उगवला. पन्नास वर्षे ज्याने तोंड दाखवले नव्हते, त्याने दाराला नवे कुलूप ठोकले आणि शेजारणीने वाढवलेला द्राक्षवेल मुळापासून तोडला. त्या रात्री गारिफालियाने लिंबाखाली उभी राहून किती वेळा छातीवर क्रूस काढला, ते मी खिडकीतून पाहिले.

मग तो दिवस आला. पनागियाचा सण तोंडावर होता, गल्लीभर उपास चालू होते. सकाळी गावापेक्षा मोठे दिसणारे एक पांढरे प्रवासी जहाज बंदराबाहेर उभे राहिले आणि लहान होड्यांतून माणसे धक्क्यावर उतरू लागली. अशी माणसे आम्हाला नवी नाहीत. ती झेंडा धरलेल्या बाईच्या मागून रांगेने जातात, धक्क्यावरच्या दुकानांत टोप्या घेतात आणि संध्याकाळी शेवटच्या होडीने परत जातात. वर आमच्या गल्लीत सहसा कोणी चढत नाही. इथल्या गल्ल्या पूर्वजांनी चाचे चुकावेत म्हणून वळवून ठेवल्या आहेत, त्यात पाहुणेही चुकतात.

त्या दिवशी मात्र एक बाई रांग सोडून एकटीच वर आली. साठीची असावी. गवती टोपी, हातात पाण्याची बाटली, उन्हाने लाल झालेला चेहरा. खालच्या वळणावर तिने स्तामातियाला विचारले, निकितास कोळ्याचे घर कुठे आहे, दारावर लाल होडी असलेले. स्तामातिया मोठ्याने म्हणाली, "वर जा बाई. गारिफालिया चुना लावत असेल, तिला विचारा. तिला सगळं ठाऊक आहे."

गारिफालिया त्या वेळी निकितासच्याच दारात होती. तिने दोघींचे बोलणे ऐकले. तिची मूठ माझ्या मानेभोवती अशी आवळली गेली, की सुतळी करकरली. मला निथळू न देता तिने बादलीतून उचलले आणि पहिला फटका मारला तो होडीच्या पुढच्या टोकावर. मग आणखी दोन. निकितास गेला, वल्ही गेली, होडी गेली. चुना उंबरठ्यावर टपटप गळत होता.

मित्रांनो, कुंचल्याला हात मागे घेता येत नाही. तरीही त्या तीन फटक्यांत माझे केस होते, हे मी कसे विसरू?

बाई वर आली, धाप टाकत उभी राहिली. तिची भाषा आमचीच होती, पण लहान मुलीची. तिच्या आईने नवव्या वर्षी जेवढी नेली होती तेवढीच. तिने आपले नाव कालियोपी सांगितले. ते निकितासच्या बायकोचे नाव, आणि आमच्याकडे नातीला आजीचे नाव ठेवतात. ऐकताच गारिफालियाचा चेहरा माझ्यासारखाच पांढरा झाला.

"असं घर या गल्लीत नाही," ती म्हणाली. "बंदराच्या पलीकडच्या टोकाला विचारा. तिकडं कोळी राहतात."

कालियोपीने ओल्या चौकटीकडे पाहिले आणि म्हणाली, "किती सुंदर पांढरं केलंय तुम्ही."

दारात आलेल्या माणसाला रिकाम्या तोंडी पाठवायचे, हे गारिफालियाच्या रक्तातच नव्हते. खोटे बोलून झाल्यावरही तिचे पाय सवयीने स्वयंपाकघराकडे वळले. थंड पाणी आणले आणि बशीत चमचाभर लिंबाचा मुरांबा. कालियोपीने तो सावकाश खाल्ला, चमचा चाटला, डोळे मिटले. आपल्याच आजोबाच्या अंगणातले लिंबू ती खात होती. गारिफालिया जमिनीकडे पाहत राहिली. बाई आभार मानून ज्या दिशेला पाठवली त्या दिशेला गेली.

दुपारभर ती उन्हात वणवण फिरली. हे मला स्तामातियाच्या तोंडून कळले. कॉफीच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांनी तिला कॉफी पाजली, कोणता निकितास यावर वाद घातला आणि प्रत्येकाने वेगळ्या टोकाला धाडले. हे सांगता सांगता स्तामातियाची नजर चौकटीवर गेली.

"होडी कुठं गेली गं?"

"हात घसरला."

"चाळीस वर्षं न घसरलेला हात," स्तामातिया म्हणाली, "आजच बरा घसरला." आणि ती घरात गेली. तिने भांडण काढले असते तर बरे झाले असते.

गारिफालियाने देवळाची शेवटची पायरी रंगवली तोवर घंटा झाली. मला बादलीत ठेवून ती आत गेली. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात रोज संध्याकाळी आमच्या देवळात पनागियाची आळवणी गातात. बार्बा-लिनार्दोस हा म्हातारा गवई एक ओळ उचलतो आणि बायका ती झेलतात. मी बाहेर, उघड्या दारासमोर, बादलीत बसून ऐकतो-पाहतो. गाणे रंगू लागले की भिंतीलाही कान फुटतात, मग माझे केस शहारणारच! बायकांमध्ये सर्वांत स्वच्छ गळा गारिफालियाचा. दुःखात बुडालेल्याला हात दे, तुझ्याशिवाय कोणाकडे जाऊ, अशा अर्थाचे ते धृपद ती म्हणू लागली की धक्क्यावरचे कोळीसुद्धा जाळे खाली ठेवतात.

त्या संध्याकाळी बार्बा-लिनार्दोसने ओळ उचलली आणि ती झेलायला गारिफालियाचा आवाज आलाच नाही. त्याऐवजी मागच्या बाकावरून एक चिरका, चुकणारा आवाज आला. कालियोपी तिथे बसली होती. घर सापडले नाही म्हणून थकून ती गाण्याच्या आवाजामागे आत आली होती आणि आईकडून ऐकलेले ते धृपद अर्धेमुर्धे म्हणत होती. स्तामातियाने गारिफालियाला कोपराने ढोसले. बार्बा-लिनार्दोसने ओळ पुन्हा उचलली. गारिफालियाचे ओठ हलले, सूर काही फुटला नाही.

मग दारात तिची सावली पडली. एका हाताने तिने कालियोपीचे मनगट धरले होते. दुसऱ्या हाताने मला उचलले, बादलीतला चुना फेकला, नळाचे पाणी भरले आणि चालू लागली. खाली जहाजाचा भोंगा झाला. कालियोपी म्हणाली, की शेवटची होडी सुटेल. गारिफालियाने पावले आणखी उचलली.

निकितासच्या दारात तिने मला पाण्यात बुडवून चौकटीवर घासायला सुरुवात केली. चुना उन्हाने धरला होता. घासता घासता माझे केस तुटले. आधी वल्ही दिसू लागली, मग निकितासची टोपी, मग होडीचा मागचा भाग. कालियोपी दोन्ही हात तोंडावर ठेवून पाहत होती. पण पुढच्या टोकावर, जिथे पहिला भरलेला फटका बसला होता, तिथे चुन्याबरोबर गेरूही निघून आला. पाण्याचा एक गुलाबी ओघळ दारावरून खाली आला आणि उंबरठ्यात जिरला. तिथे आता काहीच नव्हते.

गारिफालियाचा हात थांबला.

"दुपारी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तुम्ही घर मागायला आलात असं वाटलं. आत माझ्या कोंबड्या आहेत. लिंबाला मी पाणी घालते."

कालियोपीने ते ऐकले की नाही, कळले नाही. ती त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. हळूच म्हणाली, "घर नको होतं मला. आई शेवटी एकच सांगत राहायची. तिची मावशी तिला चिडवायची, की होडीत पुढं माशांची टोपली आहे. आई म्हणायची, टोपली नाही, मी आहे. बाबांनी मला बरोबर घेतलंय. एवढंच बघायचं होतं."

खाली दुसरा भोंगा झाला. गारिफालिया पायरीवर बसली. जे बघायला ती बाई अर्धे जग ओलांडून आली होती, ते आता गारिफालियाच्या आठवणीखेरीज तिथे कुठेच उरले नव्हते. आणि तीच गारिफालिया दुपारी खोटे बोलली होती.

"मुलगी होती," ती म्हणाली. "दोन वेण्यांची. पण माझ्यावर तुम्ही विश्वास का ठेवावा?"

गारिफालियाने ओल्या बोटाने हवेत दोन रेघा ओढल्या.

"एक वेणी लांब, एक आखूड. का ते ठाऊक नाही. आम्ही हसायचो त्याला."

तेव्हा कालियोपी झटकन तिच्याकडे वळली. तिचा आवाज अगदी लहान झाला. "पास्खाच्या रात्री," ती म्हणाली, "मागच्या माणसाच्या मेणबत्तीनं आईची एक वेणी पेटली होती. आजोबांनी कात्रीनं कापली. मी हे इथं कोणालाच सांगितलेलं नाही."

तिने टाचा उंचावून आपला तळवा त्या ओल्या, रिकाम्या जागेवर ठेवला. मग विचारले, "लिंबाला पाणी रोज घालता?" गारिफालियाने मान डोलावली. "घालत राहा," एवढे म्हणून ती पायऱ्या उतरत पळाली. तिने क्षमा केली असे ती म्हणाली नाही आणि गारिफालियाने तशी मागितलीही नाही. शेवटची होडी तिला मिळाली. ते मोठे जहाज अंधारात दिवे लावून निघून जाईपर्यंत गारिफालिया त्याच पायरीवर बसून होती.

त्या रात्री, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, मला धुवायचे राहून गेले. सकाळी माझ्या मुळाशी अडकलेला चुना दगड झाला होता. तिने मला व्हिनेगरमध्ये भिजवले, बोटांनी सोडवू पाहिले, रडली. आता माझ्या जागी प्लास्टिकच्या केसांचा एक निळा कुंचला आला आहे. तो चपळ आहे. पण निकितासच्या दाराशी आला की गारिफालिया त्याला लांबूनच थांबवते. ती मोकळी जागा तिने पुन्हा कोणाकडून रंगवून घेतली नाही. गल्लीतली मुले विचारतात, तेव्हा त्यांना उचलून दाखवते आणि सांगते, "इथं एक मुलगी बसली आहे. ती मी पुसली." रोज कोणी ना कोणी विचारतेच, आणि रोज तिला ते वाक्य पूर्ण म्हणावे लागते.

मित्रांनो, मला आता काही रंगवायचे नाही. पण तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर काम झाल्यावर त्याला त्याच दिवशी धुवा. आणि भिंत पांढरी करताना तिच्यावर आधी काय आहे ते पाहून घ्या. चुकून किंवा भीतीने तुमच्याही हातून तसा फटका बसलाच, तर संध्याकाळची वाट पाहू नका. चुना ओला आहे तोवर धावा. गारिफालिया धावली, पण उन्हे उतरल्यावर, आणि तेवढ्या वेळात एक मुलगी होडीतून उतरून गेली.