फितीखालून

बाजाराच्या मागच्या भिंतीला लागून बायकांसाठी एक नवंकोरं स्वच्छतागृह उभं होतं, आणि त्याच्या दारावर एक फीत होती. चौकटीच्या या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत, छातीच्या उंचीवर ताणलेली, मधोमध कोबीच्या गड्ड्याएवढं फूल. बांधली तेव्हा लाल होती. मग उन्हानं गुलाबी झाली, मग धुळीनं विटकरी. मोठे साहेब येतील, फीत कापतील, मगच दार उघडेल, असं बाजार समितीच्या अध्यक्षांनी सांगून ठेवलं होतं. आणि मोठे साहेब काही येत नव्हते. कधी त्यांना दौरा, कधी सर्दी.

"उद्या," अध्यक्ष म्हणायचे आणि कमरेची किल्ली खुळखुळवायचे. बायकांनी त्यांचं नावच 'उद्या' ठेवलं होतं. तेवढं नाव ठेवलं की बायकांचं समाधान व्हायचं.

याच समाधानाची कात्रीला शिसारी यायची. कात्री म्हणजे बाजारात कपडे उसवून-शिवून देणारी बाई. हे नाव तिला हत्यारावरून नव्हे, जिभेवरून पडलं होतं. सकाळी पाण्याला तोंड लावायचं नाही, दिवसभर मांड्या आवळून गिऱ्हाईक करायचं, आणि वर "आम्हाला सवय झाली बाई" म्हणून मिरवायचं! सवयीचा एवढा तोरा घाण्याच्या बैलालाही नसतो, असं ती तोंडावर बोलायची. शेजारचा घड्याळवाला त्याहून बेक्कार. डोळ्यावरचं भिंग वर सारून तो रोज म्हणायचा, "वहिनी, यासाठी लोकजागृती व्हायला पाहिजे."

"जागे तर सगळेच आहेत," कात्री दोरा दातानं तोडायची. "उठायला कुणी तयार नाही. तुम्ही तरी उठा, स्टूल मोडायला आलंय."

पण त्या आठवड्यात तिची जीभ गप्प होती. तिची धाकटी जाऊ पलीकडेच मोजे-रुमाल विकायची, आणि त्या धाकटीची मूत्रपिंडं दुसऱ्यांदा सुजली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं: घोटघोट नव्हे, तहान नसली तरी भरपूर पाणी. जमत नसेल तर धंदा सोडा. पुन्हा सूज आली तर माझ्याकडे येऊन उपयोग नाही. दिराला आयतंच कारण मिळालं. "सोड ना," तो म्हणाला, "घरात काय कमी आहे?"

"घरात काही कमी नाही, जाऊबाई," धाकटी मोज्यांच्या जोड्या लावत म्हणाली. "पण तिथं मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी सून आहे. इथं मी मोजेवाली आहे." एवढं बोलून तिनं बाटली उघडली, ओठ ओले केले आणि झाकण लावून टाकलं. कात्रीनं मशीन चालू केलं. चाकाच्या घरघरीत तिच्या ओठांवर आपसूक दोन ओळी आल्या:

फितीच्या पल्याड गं, पाणी वाहे झुळुझुळू,
अल्याड माझी जाऊ, घोट घेई हळूहळू.

तेवढ्यात अध्यक्ष हजर. "बाई, साहेबांची तारीख मिळतेय! नवी फीत करा, जुनी विटली. आणि एक मखमली उशी शिवा."

"उशी? कुणाला?"

"कात्री ठेवायला. उद्घाटनाची."

"माझ्या जावेला बसायला धड बाकडं नाही, आणि कात्रीला उशी," ती म्हणाली. "झालर लावू का हो? टोचायला नको तिला."

"लावा की," अध्यक्ष खूश होऊन म्हणाले. टोमणा कळायलाही काही लागतं.

माप घ्यायला ती फितीशी गेली. टेप लावायला तिनं ते मोठं फूल उचललं, आणि हात तसाच राहिला. फुलाखाली, दाराच्या दोन्ही फळ्या मिळतात तिथं, कोयंडा होता. कोयंड्यात काहीच नव्हतं. कुलूप लावायचं राहूनच गेलं होतं. ते बहुधा अध्यक्षांच्या टेबलाच्या खणात खोक्यातच होतं. तिनं एका बोटानं दार ढकललं. ते आत उघडलं, आवाजही न करता. आत शुभ्र भिंती, नळाला अजून कागद चिकटलेला. नळ सोडला तर तो आधी खोकला, मग धो धो वाहू लागला.

किल्ली साऱ्या बाजारानं पाहिली होती. कुलूप कुणीच पाहिलं नव्हतं. दार ढकलून तरी बघावं, असं एकीच्याही मनात आलं नव्हतं, आणि त्यांत ती स्वतःही होती. जन्मभर दुसऱ्यांवर परजलेली जीभ तिनं तिथं, त्या कोऱ्या आरशासमोर, स्वतःवर चालवली. "कात्री म्हणे! चिंधी आहेस तू."

मग ती धाकटीला हाताला धरून घेऊन आली. "वाक आणि जा. फितीला धक्का लावू नको. ही तुटली की त्या 'उद्या'ला कुलूप आठवेल."

धाकटी वाकून गेली. दुसऱ्या दिवशी अंडेवाली गेली, मग फुलवाली, मग सगळ्याच. आणि आठच दिवसांत जागेचा उकिरडा झाला. जी ती नाकाला पदर लावून म्हणू लागली, "सरकारी वस्तू अशीच असायची."

"सरकार येऊन बसलं होतं का तिथं?" कात्री भर रस्त्यात कडाडली. तिनं बादली आणि खराटा आणला, स्वतः घासूनपुसून लख्ख केलं, आणि बादली शेजारच्या दुकानापुढे ठेवली. नियम एकच: बादली ज्याच्या दारात, आजची सफाई त्याची, झाली की पुढे सरकवायची. लाजेनं म्हणा, तिच्या तोंडाच्या धाकानं म्हणा, बादली चालू लागली. ती घड्याळवाल्यापुढे आली तेव्हा तो दचकला.

"माझ्याकडे कुणी बाई नाही, वहिनी."

"बायकांची घड्याळं कोण आणतं तुमच्याकडे? भुतं?"

बाजार उठल्यावर तो गेला आणि बाह्या भिजवून परतला. "या उपक्रमाचा एक अहवाल—"

"बादली पुढे ढकला."

अध्यक्षांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांच्या ऑफिसात त्यांचं वेगळं स्वच्छतागृह होतं. ते लांबून, उगाच नाकाला रुमाल लावून बघायचे: फीत शाबूत? मग सगळं शाबूत.

शेवटी एकदाचे साहेब आले. निळी नवी फीत, फुलासकट कात्रीनंच बांधलेली; मखमली उशी, झालरीसकट. दाराकडे पाठ करून पाहुण्यांच्या खुर्च्या मांडलेल्या, समोर सारा बाजार. साहेब बोलायला उभे राहिले ते भगिनींच्या सन्मानावर, आणि बसायचं नाव घेईनात. सन्मान इतका लांबला की पुढच्या रांगेतल्या भगिनी पाय बदलू लागल्या.

"जाऊबाई," धाकटी कुजबुजली.

"दम धर. आज त्याला कळलं तर कुलूप लागेल. मग तुझं दुकानही गेलंच."

"आणि धरला तर? आज भाषण संपेपर्यंत, उद्या तारीख मिळेपर्यंत. डॉक्टरांनी दम धरायला नाही सांगितलेलं." तिनं अर्धी बाटली कात्रीच्या हातात दिली आणि खुर्च्यांच्या कडेनं सरळ चालत गेली. वाकली. फितीखालून आत. दार लागलं.

साऱ्या बाजारानं पाहिलं. कात्रीच्या छातीत मशीन सुरू झालं. यांच्यातला एक तरी दात काढणार, एक तरी बोट दाखवणार, याची तिला खात्री होती. साहेबांची मान मागे वळू लागली. तोच घड्याळवाल्यानं अवेळीच टाळ्या सुरू केल्या. मग अंडेवालीनं, मग सगळ्यांनी. साहेब सुखावले, आणखी थोडं बोलले, मग उशीवरची कात्री उचलून वळले. फीत कापली. दार ढकललं. दार हललं नाही.

"आहे मी आत!" आतून आवाज आला. "जरा थांबा."

"कोण आहे?" अध्यक्ष पांढरेफटक पडले. "काढा तिला बाहेर!"

"कशी काढू?" कात्री म्हणाली. "आतून कडी आहे. तेवढी मात्र भक्कम बसवलीत."

अध्यक्षांचा हात सवयीनं किल्लीकडे गेला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या कोयंड्याकडे नीट पाहिलं. साहेब कात्री हातात धरून उभे होते. बाजार उभा होता. कुणी हसलं नाही. इतके दिवस आपल्याच दारात आपण कसे उभे होतो, ते आता समोर दिसत होतं.

आत पाणी सुटल्याचा आवाज झाला, कडी निघाली. फीत खाली पडलेली, तरी धाकटी सवयीनं वाकूनच बाहेर आली. मग ताठ झाली.

"जा साहेब, स्वच्छ आहे," ती म्हणाली. कोपऱ्यातली बादली उचलून तिनं अध्यक्षांच्या बुटांपाशी ठेवली. "आज माझ्याकडे होती. पुढचं दार समितीच्या ऑफिसचं. उद्या तुमच्याकडे."

मग कात्रीच्या हातातली बाटली घेतली, आणि सगळ्यांच्या देखत उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.