तीन चेंडूंचा श्वास

तिसरा चेंडू वर उडाला आणि गिरणीच्या अंगणात जयजयकार झाला. मघाशी त्याच नळीतून जीव खाऊन श्वास ओढूनही ज्याला एक चेंडू हलवता आला नव्हता, तो पिंजण खात्यातला कामगार आता रडत प्राणनाथबाबांच्या पायांवर पडला होता. मधे काय झालं होतं? बाबांनी त्याच्या जिभेवर चिमूटभर भस्म ठेवलं होतं, एवढंच.

"डॉक्टर काय तपासतो? छाती!" बाबा माइकवरून गरजले. "छाती तर पिशवी आहे, भाइयों, पिशवी! आम्ही प्राण तपासतो. प्राणाचं नेटवर्क थेट ब्रह्मांडाशी जोडलेलं. भस्माने सिग्नल आला की चेंडू वर!"

पानिपतातल्या या गिरणीत जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांचं सूत काढत. जेवणाची सुट्टी होती. दोनशे माणसं धुळीने पांढऱ्या झालेल्या पापण्यांनी ब्रह्मांडाचा सिग्नल बघत उभी होती.

गर्दीच्या कडेला वैजयंती उभी होती. ही साताऱ्याकडची नर्स. नवरा खंडेराव फौजेत, घर दिल्ली छावणीत. गिरणी कामगारांच्या श्वासाची पाहणी करणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची आणि गेले तीन आठवडे रोज रेल्वेने पानिपतला येत होती. सोमवारच्या दुपारी ती शेजारच्या गिरणीत असे, त्यामुळे बाबांचा खेळ आज पहिल्यांदाच बघत होती. त्यांचं यंत्र तिने लगेच ओळखलं. ऑपरेशन झालेल्या रुग्णाला श्वासाच्या व्यायामासाठी देतात ते साधं खेळणं. श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. तिने स्वतः शेकडो रुग्णांच्या हातात दिलं होतं.

मग इथे भस्माआधी एकाचाही चेंडू का हलत नाही?

ती टक लावून बघू लागली. भस्माआधी बाबा यंत्र तळाशी धरत. भस्मानंतर मात्र त्यांचा हात मोठ्या मायेने नळीखाली जाई.

"दीदी, माझ्या भावाने पण तिन्ही उचलले होते," शेजारची ममता हिंदीत म्हणाली. ती पिंजण खात्यातच होती. "दिलीपने. मार्चमध्ये."

"आता कसा आहे?"

"डिसेंबरात गेला. पण बरा झाला होता हो! बाबांनी सरकारी दवाखान्यातला श्वासाच्या औषधाचा पंपही बंद करायला लावला, त्याने प्राण अडतो म्हणाले. तिन्ही चेंडू मी या डोळ्यांनी पाहिलेत. पुढचं नशीब."

या गिरणीत शिरायची परवानगी मिळवायला संस्थेला चार महिने लागले होते, आणि ती देणारे मॅनेजर उदयसिंह बाबांच्या शेजारीच हात जोडून बसले होते. गप्प राहणं शहाणपणाचं होतं. तरी ती पुढे गेली.

"बाबा, साहेबांचा प्राणही तपासूया ना!"

लोकांना ते फारच आवडलं. उदयसिंह रोज सकाळी बॅडमिंटन खेळणारा गडी, हसत उठला. बाबा यंत्राकडे हात नेणार तोच वैजयंतीने ते उचललं. "तुम्ही दमलात बाबा. बसा, मी धरते."

तिने यंत्र तळाशी धरलं. उदयसिंहांनी श्वास ओढला, पुन्हा ओढला, चेहरा लालबुंद झाला. चेंडू जागचे हलेनात.

"साहेब तर दिलीपपेक्षा आजारी!" मागून कोणीतरी म्हणालं.

"भस्म द्या!" बाबा घाईने म्हणाले.

"भस्म राहू द्या," वैजयंती म्हणाली आणि नळीखाली अंगठा ठेवला. "आता ओढा."

तिन्ही चेंडू टणकन वर!

तिने नळी उलटी करून सगळ्यांना दाखवली. खालच्या बाजूला वाटाण्याएवढं भोक होतं. "भोक उघडं असलं की हवा इथूनच शिरते, चेंडू जागेवर. अंगठ्याने बुजवलं की हवेला चेंडूंखालूनच यावं लागतं, चेंडू वर. हेच ब्रह्मांडाचं नेटवर्क!"

"उंदराने कुरतडलं असेल," बाबा म्हणाले.

"आणि तुमचा अंगठा रोज बरोबर उंदराच्या भोकावर बसतो?"

अंगण हसलं. हसता हसता अर्धं अंगण खोकू लागलं. ममता मात्र हसली नाही.

"दीदी, चेंडू खोटे. मान लिया. पण भस्माने छाती मोकळी होते. मी दर सोमवारी घेते, गुरुवारपर्यंत उतार पडतो. ते कुठलं भोक?"

प्रश्न खरा होता. त्याला टोमण्याने उत्तर देऊन चालणार नव्हतं. वैजयंतीने पिशवीतून पाहणीची वही काढली. प्रत्येकाने मीटरच्या नळीत जोरात फुंकर मारायची आणि तिने आकडा लिहायचा, असं तिचं काम होतं; आकडा मोठा तितकी छाती मोकळी.

"बाबा सोमवारीच का येतात, ममता? रविवारी सुट्टी असते. छाती जरा सैल पडते. सोमवारी परत सुती धूळ शिरते तेव्हा ती सगळ्यात जास्त आवळते, मग आठवडाभरात थोडी निवळते. हा या धुळीचा जुना, माहितीतला आजार आहे. हे बघ, तुझा आकडा सोमवारी संध्याकाळी एकशे नव्वद, गुरुवारी दोनशे चाळीस. आणि हे शेजारच्या गिरणीतले लोक. तिथे बाबा नाही, भस्म नाही. तरी सोमवारी कमी, गुरुवारी जास्त."

"आणि हे?" ममताने पानाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिला आकडे वाचता येत होते.

"वर ऑफिसात बसणारी शिवांगी. तुझ्याच वयाची, तुझ्याच उंचीची. सोमवारी तीनशे साठ, गुरुवारी तीनशे साठ."

"ती भस्म घेत नाही?"

"ती धूळ घेत नाही."

ममता खालीच बसली.

"म्हणजे दिलीपचे चेंडू बाबाच्या अंगठ्याने उचलले," ती म्हणाली. "आणि त्याचा पंप मी माझ्या हाताने नाल्यात फेकला."

वैजयंती तिच्या शेजारी बसली.

उदयसिंह आता सावरले होते. "बाबा खोटा असेल, मॅडम. पण तब्येतीची तक्रार नाही असं या लोकांनी स्वतः लिहून दिलंय." तेव्हा कुठे सगळा डाव उघडा पडला. चेंडू उचललेल्या प्रत्येकाचा अंगठा एका कागदावर घेतला जाई: 'श्वास पूर्ववत, तक्रार नाही.' धूळ ओढणारे पंखे बसवा, असा कामगारांचा अर्ज वर्षापूर्वी सरकारी कचेरीत गेला होता. तो याच कागदांवर निकालात निघाला होता. लोकांना वाटत होतं ती प्रसादाची पावती.

त्या दिवशी गिरणीतून दोघांना काढलं: बाबांना मागच्या दाराने मोटारीतून, वैजयंतीला पुढच्या फाटकातून पायी.

पुढच्या सोमवारी ती फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मीटर घेऊन बसली. पाळीआधी ममता बारा बायकांना घेऊन आली. पाळी सुटल्यावर त्या पुन्हा आल्या. सहा आठवडे हे चाललं. आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आणि अर्जासोबत सरकारी कचेरीत पाठवले. दोन महिन्यांनी उत्तर आलं: 'कागदपत्रांवरून संबंधित कामगार निरोगी असल्याचे दिसते.' त्यांनी दुसरा अर्ज केला. त्याचं उत्तर अजून यायचंय.

बाबांचं दुकान काही बंद पडलं नाही. नवी नळी घेऊन ते तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या गिरणीत गेले. ही बातमी कळली तेव्हा ममताने एक दिवसाची रजा टाकली आणि त्या गिरणीच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. वैजयंती सोबत होती, पण तिला तोंड उघडायची गरज पडली नाही.

"मला भाषण येत नाही," ममता बाहेर पडणाऱ्यांना म्हणाली. "एवढंच ऐका. कोणी चमत्कार दाखवला तर त्याच्या हातातली वस्तू आधी आपल्या हातात घ्या, उलटीपालटी करून बघा. वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. दवाखान्याचं औषध कोणाच्या सांगण्यावरून टाकू नका. आणि तुमचा श्वास मोजतील तेव्हा वर ऑफिसात बसणाऱ्यांचाही मोजायला सांगा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. मधला फरक देवाने पाडलेला नाही. तो धुळीने पाडलाय, आणि धूळ ओढणारा पंखा बाजारात मिळतो. माझा भाऊ पंख्याविना मेला, आणि मी इतके महिने त्याला नशीब म्हणत राहिले."