मास्तरांची दुसरी आवृत्ती

मिल बंद पडली आणि दिवाकररावांच्या वाचनालयाला बरे दिवस आले. असं म्हणताना त्यांची त्यांनाच लाज वाटायची, पण होतं ते खरं. मिलच्या चाळींना लागून मराठी मंडळाची एक खोली होती, तेच हे वाचनालय. मिलमध्ये टाइमकीपर असताना दिवाकरराव संध्याकाळी तिथे हौसेने येऊन बसत. आता दिवसभर बसत, कारण घरी बसून बायकोच्या पायात पायात येण्यापेक्षा ते बरं. वर्तमानपत्रांत रोज देशाची दारं उघडल्याच्या बातम्या येत होत्या. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातली माणसं मिलच्या फाटकावरचं कुलूप बघून यायची आणि मग वाचनालयात टेकायची.

पूर्वी नव्याने छापलेल्या जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर इथे भांडणं होत. आता कादंबरीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. रेडिओ दुरुस्ती, स्कूटर दुरुस्ती, घरच्या घरी साबण, असली पुस्तकं हातोहात जायची. ती वाचून कोणाचं बस्तान बसल्याचं दिवाकररावांच्या ऐकिवात नव्हतं. पण तोंडावर कसं सांगणार? ते मुकाट्याने शिक्का मारून पुस्तक देत.

श्रीकृष्ण शेलारने मात्र वेगळंच पुस्तक धरलं होतं. विणाई खात्यात तो जॉबर होता, मागांवरच्या लोकांचा मुकादम. आवाज असा खणखणीत की त्या खडखडाटातही शेवटच्या मागापर्यंत पोचायचा. फाटक बंद झालं तसा तो दारूच्या नादी लागला. एके दिवशी त्याची बायको शशिकला त्याला दंडाला धरून वाचनालयात घेऊन आली. ‘‘काहीही वाचायला द्या भाऊजी, पण संध्याकाळी यांना इथे बसू द्या,’’ म्हणाली.

दिवाकररावांनी उपदेश केला नाही. विदर्भातल्या एका शाळामास्तरांचं आत्मकथन त्याच्यापुढे सरकवलं. मास्तर दारूपायी नोकरी, अब्रू सगळं घालवून बसले होते आणि मग त्यातून बाहेर आले होते. श्रीकृष्णला ते पुस्तक लागू पडलं. बोट ठेवून, ओठ हलवत तो रोज थोडं थोडं वाचायचा. संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. ‘‘मास्तर काय म्हणतात भिया, संध्याकाळ टळली की माणूस वाचला. बस, अपनला तेवढंच पुरे आहे.’’ दिवाकररावही रात्र पडेपर्यंत दार लावत नसत. बघता बघता रंगपंचमी आली. गेरमध्ये, त्या रंगाच्या मिरवणुकीत, श्रीकृष्ण नखशिखांत भिजून निघाला, पण दारूच्या थेंबाला शिवला नाही. शशिकला त्या दिवशी वाचनालयात पेढे ठेवून गेली.

वाचून वाचून त्या प्रतीची पानं सुटली. तेवढ्यात दुसरी आवृत्ती निघाल्याची जाहिरात श्रीकृष्णच्याच नजरेस पडली आणि त्याने तगादा लावला. ‘‘आली क्या मास्तरांची किताब? आता उन्हाळ्यात जाऊन भेटूनच येतो त्यांना.’’

पुस्तक एकदाचं आलं. दिवाकररावांनी सकाळीच पार्सल फोडलं. सुरुवातीला मास्तरांच्या पत्नीचं नवं मनोगत होतं. चार वर्षं कोरडे राहून मास्तर पुन्हा प्यायला लागले होते आणि त्यातच गेले होते. पुढच्या ओळींवरून त्यांची नजर नुसती फिरली, डोक्यात काही शिरलं नाही. पुस्तक लपवावं, तर संध्याकाळी हा दारात हजर. त्यांनी पट्टी लावून मनोगताची पानं अलगद फाडली.

मग नव्या पुस्तकाचे नेहमीचे सोपस्कार केले. कव्हर घातलं, शिक्का मारला, नंबर टाकला. वाचनालयाचा एक नियम होता, त्यांनीच घातलेला. पुस्तकात पानं कमी असली की आतल्या बाजूला तांबड्या शाईने तशी नोंद करायची, म्हणजे पुढच्या वाचकावर आळ नको. इतक्या वर्षांचा सराव. हाताने ‘पाने पाच ते दहा नाहीत’ असं लिहून खाली सही ठोकली, आणि माणसाच्या ते ध्यानातही आलं नाही.

श्रीकृष्ण संध्याकाळी आला आणि पुस्तक छातीशी धरून घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी भरदुपारी आला. प्यायलेला नव्हता. त्याने पुस्तक उघडून ती तांबडी ओळ टेबलावर त्यांच्यासमोर धरली.

‘‘कोरी किताब, आणि पानं नाहीत. मतलब छापणाऱ्याची चूक असेल म्हणून खजुरी बाजारात गेलो. तिथे पुस्तकांच्या दुकानात दुसरी प्रत उघडून उभ्याने वाचलं.’’

दिवाकरराव म्हणाले, ‘‘मला वाटलं, तुला धक्का बसेल...’’

‘‘बसला ना. रडलो तिथेच. पण त्या बाईंनी शेवटी लिहिलंय, ती चार वर्षं खोटी नव्हती, म्हणून हे पुस्तक पुन्हा छापलं. ते वाचून बरं वाटलं मला. ते नाही वाचलं तुम्ही?’’

‘‘नाही,’’ दिवाकरराव म्हणाले.

‘‘घरी बायको खिसे तपासते,’’ श्रीकृष्ण म्हणाला. त्याचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. ‘‘पोरगी जवळ येऊन वास घेते. बरोबरच आहे त्यांचं. अख्ख्या इंदूरमध्ये तुम्ही एकटे होतात दिवाकरजी, नुसतं पुस्तक द्यायचे, तपासायचे नाहीत. मला वाटायचं, यांचा भरवसा आहे माझ्यावर.’’

पुस्तक टेबलावर ठेवून तो निघून गेला. मागून हाक मारावी असं दिवाकररावांना फार वाटलं. पण हाक मारून सांगायचं काय? भरवसा नव्हताच, हेच खरं होतं.

त्या दिवसापासून ते संध्याकाळी रस्त्याकडे डोळे लावून बसत. श्रीकृष्ण आला नाही. पावसाळा सरता सरता शशिकला आली. तिच्या कपाळावर सुजेचा काळपट डाग होता आणि पदर तिने तिथवर ओढून घेतला होता.

‘‘वहिनी,’’ दिवाकरराव धडपडत उठले, ‘‘मास्तरांचं पुस्तक नेता का? मी पानं परत चिकटवली आहेत. त्याला सांगा, सगळं पुस्तक आहे.’’

‘‘नको भाऊजी,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘त्यांच्यासाठी नाही आले मी. ब्लाउज बेतायचं काही आहे का तुमच्याकडे? मला शिकायचंय.’’

दिवाकररावांनी कपाटातून ते शोधून दिलं. तिने तिथेच उभ्याने एकेक पान उलटून बघितलं, पुस्तक पिशवीत टाकलं आणि गेली.