माशीचं वजन किती?

मी टायर बोलतोय. मागचा, डावा. जागा मुद्दाम सांगतो, कारण उजव्याला विचाराल तर तो हीच हकिकत वेगळी सांगेल आणि सगळं श्रेय स्वतःकडे घेईल. एका साच्यातून निघालो म्हणून स्वभाव सारखेच असतात असं थोडंच आहे?

जन्माचं म्हणाल तर फारसं आठवत नाही. भयंकर उकाडा, चहूबाजूंनी दाब, आणि मग एकदम मोकळी हवा. बाहेर आलो तेव्हा माझ्या कुशीवर अक्षरं आणि आकडे उठलेले होते. रुंदी किती, कुठल्या मापाच्या चाकावर बसणार, हे सगळं आधी, आणि शेवटी एक छोटासा आकडा: १०४. दिसायला बापडा, पण खरा महत्त्वाचा तोच. पुरेशी हवा भरली तर मी एकटा नऊशे किलो पेलीन, त्यावर नाही, असा त्याचा अर्थ. माणसाला किती झेपेल ते त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं, म्हणून त्याची फसगत होते. आमचं तसं नाही. आमचं ठसठशीत लिहिलेलं असतं, डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळेल. तरी कोणी वाचेल तर शपथ!

दुकानात आम्हा चौघांच्या शेजारी जाडजूड, कडक टायरांची चळत होती. त्यांच्या कुशीवर १२१. एकेकजण साडेचौदाशे किलो उचलणारा. त्यांचा तोरा काय वर्णावा! आमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

एके दिवशी आपली पिकअप घेऊन दुकानात बाबा आले आणि त्यांच्यासोबत त्यांची सून. बाबांनी उभा जन्म लांब पल्ल्याचे ट्रक चालवण्यात घालवलेला. आता निवृत्त होते, पण स्टिअरिंग सुटत नव्हतं. सून मधमाश्या पाळायची. एका झाडावरून उतरवलेल्या पोळ्यापासून तिने सुरुवात केली होती आणि वाढवत वाढवत ट्रेलरभर पेट्या केल्या होत्या. नवरा दूर बोटीवर कामाला. त्यामुळे पेट्या घेऊन फुलांच्या मागे हिंडणं सासरा आणि सून, असं दोघांचंच चालायचं.

टायरवाल्याने विचारलं, "काका, मागे काय ओढायचंय?"

"माश्या!" बाबा म्हणाले. टायरवाला बघतच राहिला. "अरे, मधमाश्या. आता तूच सांग, एका माशीचं वजन किती?"

सगळं दुकान हसलं. सून तोंडावर पदर धरून हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

"तरी पण काका, ट्रेलर लावणार असाल तर हे घ्या," असं म्हणत टायरवाल्याने १२१वाल्यांकडे बोट दाखवलं.

बाबांनी त्यातल्या एकाला अंगठ्याने दाबून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "हे टायर आहेत की दगड? ह्यांच्यावर माझ्या माश्यांचे हाल होतील. हादरा बसला की त्या चवताळतात. आणि सूनबाईची पाठ आधीच धरलेली. मला मऊ चालणारे दे."

"पण वजन..."

"ट्रेलरला त्याची स्वतःची चाकं आहेत ना? ओझं तो वाहील. आपण नुसतं ओढायचं!"

आमची निवड अशी झाली. मायेपोटी झाली, हे मी आजही मान्य करतो. कंजूषपणाने नाही, आळसाने नाही. त्या माणसाला सुनेची पाठ दिसत होती आणि माश्यांची झोप दिसत होती. पण सगळा घोळ त्या एका शब्दात होता. ओढायचं. अहो, ट्रेलरचं नाक पिकअपच्या पाठीमागच्या हुकावर टेकलेलं असतं. ते नुसतं मागून येत नाही, ते वरून दाबतंही. ओढणाऱ्याला थोडं वाहावंच लागतं, आणि ते वाहणं येतं आम्हा मागच्या दोघांच्या वाट्याला. ट्रक चालवून केस पिकलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माश्यांच्या विनोदात ते वाहून गेलं.

जाताना मजाच मजा होती. पेट्या रिकाम्या, आत फक्त मेणाच्या फ्रेमा आणि माश्या. रस्ता गुळगुळीत. बाबा सकाळी चपलेच्या टोकाने मला टोचायचे आणि विचारायचे, "काय राव, बरं आहे ना?" मला फार बरं वाटायचं. टायरची खुशाली विचारणारे किती असतात?

मुक्काम सूर्यफुलांच्या शेतांमध्ये पडला. जिकडे बघावं तिकडे पिवळं. पेट्या बांधावर मांडल्या, दारं उघडली, आणि माश्या कामाला लागल्या. मला काम नव्हतं. अधूनमधून पाणी आणायला जायचं, बाकी उन्हात बसायचं. मधे सुनेचा नवरा चार दिवस येऊन गेला. तेवढे दिवस बाबा मुद्दाम लांब झाडाखाली झोपले आणि "मला इथे वारा चांगला लागतो" असं सांगत राहिले.

सूनबाईची एक सवय होती. रोज संध्याकाळी ती पेट्यांमधून फिरायची आणि प्रत्येक पेटीची एक बाजू एका हाताने जराशी उचलून बघायची. मध किती भरलाय ते तिला हातातच कळायचं. सुरुवातीला पेटी पटकन वर यायची. मग जड व्हायला लागली. आणि एका संध्याकाळी ती ओरडली, "अहो बाबा! ही हलतच नाही!"

बाबा धावत आले. त्यांनीही उचलून बघितलं. ती हलेना, तशी दोघं लहान मुलांसारखी हसत सुटली. त्या आनंदात आमची आठवण कोणाला झाली नाही. मलाही झाली नाही, मग त्यांना काय बोल लावू?

परतायच्या आदल्या संध्याकाळी पेट्यांना जाळ्या ठोकून दारं बंद केली आणि शेजारच्या शेतातल्या माणसांनी त्या ट्रेलरवर चढवल्या. चढवताना त्यांच्या तोंडून काय काय शब्द निघाले ते सांगत नाही. ट्रेलरवर मावेनात त्या पेट्या पिकअपमध्ये आल्या. त्यांच्या जोडीला मधाचे डबे, तंबू, शेगडी, पाण्याचा ड्रम. सगळं माझ्या डोक्यावर! मी आडवा पसरलो. कूस फुगून बाहेर आली.

पहाटे निघताना सूनबाई माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, ह्याचं पोट सुटलंय बघा."

"माझंही सुटलंय," बाबा म्हणाले. "मी चालतोच आहे ना?" आणि त्यांनी हवा भरली.

हवा भरली की मी ताठ दिसतो हे खरं. पण हवेने माझ्या कुशीवरचा आकडा बदलत नाही हो! अशक्त माणसाला छाती पुढे काढून उभं केलं म्हणून तो पैलवान होत नाही.

ऊन चढायच्या आत घरी पोचायचं ठरलं होतं. पण वाटेत रस्त्याचं काम निघालं आणि आम्ही गाड्यांच्या रांगेत अडकलो. मोकळे झालो तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. डांबर तापलं होतं. प्रत्येक फेऱ्याला मी दबत होतो, सुटत होतो, पुन्हा दबत होतो, आणि आतल्या आत माझं अंग भाजत होतं. उजवाही कण्हत होता. ट्रेलर मागून हलकेच डोलायला लागला. समोर लांबलचक वळणांचा उतार होता आणि मला स्वच्छ कळत होतं की तो उतार माझ्याच्याने होणार नाही. मला आकडा लिहून देणाऱ्यांनी तोंड दिलं नव्हतं. ओरडायचं तरी कसं?

मी वास सोडला. तेवढंच माझ्या हातात होतं.

"बाबा, जळका वास येतोय. थांबवा," सूनबाई म्हणाली.

"अगं, खाली उतरून थांबू. तिथे सावली आहे."

"आत्ता थांबवा."

"मला उगाच घाबरवू नकोस. असे उतार मी डोळे मिटून उतरलोय."

"बाबा, लग्न होऊन आल्यापासून मी तुमच्याकडे कधी हट्ट केलाय?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. गाडी झाडांच्या कडेला घेतली. खाली उतरले, वाकले, आणि माझ्यावर तळहात ठेवला. चटका बसला तसा झटकन मागे घेतला. मग कितीतरी वेळ ते माझी कूस बघत राहिले. आकड्यावरची धूळ त्यांनी अंगठ्याने पुसली आणि तो वाचला. मागे जाऊन ट्रेलरचं नाक बघितलं. ते पिकअपच्या पाठीला खाली दाबून बसलं होतं.

"माशीचं वजन किती म्हणून विचारलं मी," ते हळूच म्हणाले. "आणि मधाचं विसरलो. रिकाम्या पेट्यांच्या हिशोबाने टायर घेतले गं मी."

ते रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. मला फार वाईट वाटलं त्यांचं. कडक टायर घेतले असते तर हे झालं नसतं, पण मग सकाळी माझी खुशाली कोणी विचारली असती?

बसायला वेळ नव्हता. बंद पेट्यांमधली गुणगुण चढत चालली होती. उन्हात जाळीच्या आत माश्या गुदमरतात, मेण वितळतं, सगळं पोळं कोसळतं. सूनबाई प्रत्येक पेटीला कान लावत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. वर्षानुवर्षांची मेहनत त्या लाकडात गुणगुणत होती.

"बाबा, पेट्या इथेच उतरवू या. झाडाखाली ठेवून दारं उघडू. संध्याकाळी माश्या आपापल्या पेटीत परत येतील."

"येतील नक्की?"

"येतात. घर जागेवर असलं की येतात."

बाबा उठले, ट्रेलरच्या मागच्या फळीचा दांडा काढला, पहिली पेटी पुढे ओढली. "धर ते टोक."

सूनबाई जागची हलली नाही.

"अगं, धर ना!"

"बाबा, मी नाही उचलणार."

"पाठ का?"

"पाठ नाही." तिने मान खाली घातली. "डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हटलंय. घरी पोचलं की सांगणार होते. ह्यांनाही अजून सांगितलं नाही."

बाबांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते आधी तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग समोरच्या उताराकडे. "आणि मी तुला घेऊन हा उतार डोळे मिटून..." ते चक्क रडले. एवढा थोराड माणूस, पेटीवर डोकं टेकून रडला.

"थांबलात ना पण," सून म्हणाली. "मी म्हटलं आणि तुम्ही थांबलात. आता डोळे पुसा, माश्या वाट बघताहेत."

तेवढ्यात दुधाचा टँकर घेऊन जाणारा एक ड्रायव्हर थांबला. आत काय आहे ते ऐकून दोन पावलं मागे सरला. "दारं बंद आहेत ना नक्की?" असं दर पेटीला विचारत, देवाचं नाव घेत, त्याने बाबांबरोबर सगळ्या पेट्या उतरवल्या. जाळ्या निघाल्या. माश्यांचा लोट बाहेर पडला, झाडांभोवती घोंघावला आणि हळूहळू शांत झाला. काही मेल्या होत्या. बऱ्याच वाचल्या होत्या. टँकरवाला तोवर आपल्या केबिनमध्ये काचा वर करून बसला होता.

बाबांनी फोन केला तसा टायरवाला दुपारी आपली गाडी घेऊन आला. तेच चार जाडजूड १२१वाले घेऊन! तोरा तोच. पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. जॅक लागला, पान्याने नट सैल झाले, आणि डोक्यावरचं ओझं उतरलं तेव्हा मला कळलं की मी किती थकलो होतो.

टायरवाल्याने हात पुसत विचारलं, "काका, पिकअपच्या हुकावरचं वजन नीट सांगा बरं. मागे काय ओढायचंय?"

ह्या वेळी बाबा हसले नाहीत. "ओढायचं नाही रे," ते म्हणाले. "वाहायचंय. भरलेला मध आहे. आणि माझं नातवंड आहे."

सूनबाईने पटकन तोंड फिरवलं. संध्याकाळी माश्या परतल्या, पेट्या पुन्हा चढल्या, आणि नवे टायर तो उतार जराही कुरकुर न करता उतरले. मला मागे टाकलं नव्हतं. मी पिकअपमध्ये डब्यांच्या मधोमध बसून घरी आलो, आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यासारखा.

आता मी रस्त्यावर चालण्याच्या लायकीचा उरलो नाही. आतले धागे जळालेत. उजवा अंगणात एका पेटीखाली असतो आणि पेटीतला मध आपणच केल्यासारखा मिरवतो. मी पायरीशेजारी सावलीत आडवा पडलेलो असतो. बाबांनी माझ्या पोकळीत जुनी गोधडी अंथरली आहे आणि तिथे त्यांची नात बसते. माझ्या काठाला धरूनच ती उभी राहायला शिकली. तिचे ओले, चिकट हात माझ्या कुशीवरच्या त्या आकड्यावर फिरतात.

तुमच्याकडेही काही ओढायला असेलच. बोट असेल, घोडा असेल, घरातलं सामान असेल. टायर घ्यायला जाल तेव्हा निघतानाचं वजन सांगू नका, परततानाचं सांगा. आणि आमच्या कुशीवर एकदा बोट फिरवा, एवढंच माझं मागणं आहे. आम्ही जे लिहिलंय ते खरं लिहिलंय.

बाबा अजून रोज संध्याकाळी येतात. आधी मला चपलेच्या टोकाने टोचतात, मग पेटीची बाजू उचलतात तसं नातीच्या एका बगलेत हात घालून तिला जराशी उचलून बघतात. काल ती खिदळत माझ्या काठाला घट्ट चिकटून बसली होती आणि काही केल्या वर येईना. बाबांनी दोनदा जोर लावला. मग कमरेवर हात ठेवून त्यांनी घराकडे बघत आनंदाने हाक मारली, "सूनबाई! अगं, बाहेर ये लवकर! ही हलतच नाही!"