बाहेरून जिना

आदितीनं नकाशावर दोनदा बोट फिरवलं. दोन खोल्या होत्या, न्हाणीघर होतं, पुढं छोटी गॅलरी होती. पण ज्या कोपऱ्यात ओटा यायचा होता तिथं ‘सामान खोली’ असं लिहिलेलं. आणि बाहेरून यायचा ठरलेला जिना खालच्या हॉलमधून, टीव्हीला खेटून वर चढत होता.

“हे कुणाचं घर हाय?” तिनं विचारलं.

राजवीर, नकाशा काढणारा तरुण आर्किटेक्ट, ऑफिसातल्या टेबलावर चहाचा कप ठेवत म्हणाला, “तुमचंच की, मॅडम. मगदूमांचं. कळंब्याचं.”

“माझं घर असं नव्हतं.”

“अभिनंदनदादा आलते की मागल्या आठवड्यात. अण्णापण होते संगं. म्हणाले, एवढा बदल करा. मला वाटलं, तुमचं घरात बोलणं झालंय.”

घरात बोलणं झालं असणार. आदितीच्या बाबतीतलं बोलणं त्या घरात ती नसतानाच होत असे.

लग्न मोडून ती सांगलीहून माहेरी आली तेव्हा अण्णांनी, म्हणजे दादासो मगदूमांनी, तिला दारातच सांगितलं होतं, “पोरी, हे घर तुझंबी हाय.” अण्णा बँकेत कारकून होते. निवृत्त झाल्यावरही त्यांचा स्वभाव कारकुनाचाच राहिला; वरून कागद आला की खाली सही. कधी त्यांच्या वर साहेब होता, आता धाकटा मुलगा अभिनंदन होता. शब्द मात्र त्यांनी मनापासून दिला होता. घर त्यांनी बांधलेलं, एकमजली, गच्चीवर अजून लोखंडी सळया उभ्या होत्या. त्या सळयांवर आदितीचं घर उभं करायचं, तिच्या पगारातून आणि अण्णांच्या शिलकीतून, असं ठरलं होतं. वर दोन खोल्या, तिची तिची चूल, तिचं तिचं दार.

चूल हा काही हौसेचा मामला नव्हता. राजारामपुरीतल्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासून आदिती घरी पोचायची तेव्हा अंधार पडलेला असायचा, आणि मगदूमांच्या जैन घरात दिवस मावळला की चूल बंद. सुरेखाबाई, आदितीची आई, उजेडातच सगळ्यांना जेवायला घालायच्या, ओटा धुऊन काढायच्या आणि शेगडीवर पांढरं फडकं पसरायच्या. ते फडकं सकाळपर्यंत कुणी उचलायचं नाही. लेकीसाठी त्या भाकरी-भाजीचा डबा झाकून ठेवायच्या खऱ्या, पण रात्री खाणाऱ्यासाठी डबा ठेवणं हेसुद्धा त्यांना पाप वाटायचं आणि ते पाप त्यांच्या तोंडावर दिसायचं. एकदा तापानं फणफणलेल्या आदितीनं रात्री फडकं बाजूला करून वाटीभर दूध गरम केलं. दुसऱ्या दिवशी आई शेगडी अंगणात नेऊन राखेनं घासत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

“मॅडम, त्याचं कसं हाय,” राजवीर समजावू लागला, “स्वतंत्र स्वयंपाकघर आणि स्वतंत्र दार, दोन्ही दाखवलं की नियमानं ती दुसरी सदनिका होते. घरफाळा वेगळा, मीटर वेगळं. गाडीची जागा दाखवायला लागते, बाजूचं अंतर मोकळं सोडायला लागतं. न्हाय दाखवलं तर ती खालच्याच घराची वरची खोली. सोपं काम. ओटा काय, बांधकाम पुरं झाल्याचा दाखला हातात पडला की नंतर घालता येतो. सगळे तसंच करतात. कागदावर कोण राहतंय?”

“मी राहणार हाय,” आदिती म्हणाली. “कागदावरच राहणार हाय मी. अण्णा हायत तोवर मला कागद नको. अण्णा गेल्यावर मी कुठं असणार? अभ्याच्या सामान खोलीत? आणि सामान कुणाचं, तर मीच!”

राजवीरनं चहा संपवला. आदितीनं नकाशाची गुंडाळी केली आणि पायऱ्या उतरताना तिच्या लक्षात आलं की आपल्या मुठीत ती चेपली आहे.

घरी अण्णा बाहेरच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते.

“अण्णा, जिना आत कुणी घेतला?”

अण्णांनी पेपराचं पान उलटलं. “अगं, आत असला म्हणजे पावसात भिजायला नको.”

“आणि ओटा? तोबी पावसात भिजत होता?”

“घालू की नंतर. घालणारच हाय. अभिनंदन म्हणतोय ते बी खरं हाय. कशाला दोन-दोन घरफाळे आणि—”

“अभिनंदन काय म्हणतोय ते अभिनंदनच सांगल,” आदिती म्हणाली. तेवढ्यात फाटकातून त्याची गाडी आत आली.

घराच्या उजव्या अंगाला रुंद पट्टा होता. त्यावर अभिनंदननं भिंतीपासून कंपाउंडपर्यंत पत्रा टाकून शेड केलं होतं आणि त्या सावलीत त्याची पांढरी, उंच गाडी उभी असायची. फरशीच्या दुकानाची पहिली खरी कमाई होती ती. फरशीचं दुकान असून घरातला हॉल अजून शहाबादी होता, पण गाडीखाली त्यानं चकचकीत टाइल बसवली होती.

“आलीस व्हय जाऊन?” तो उतरता उतरता म्हणाला. राजवीरनं फोन केलेला दिसत होता. “अक्का, उगं तमाशा करू नकोस. तुला राहायला जागा पायजे, ती मिळाल्याशी कारण.”

“हॉलमधनं जिना का?”

“घर एक हाय म्हणून.”

“रोज रात्री तुमच्या पाव्हण्यारावळ्यांच्या मांडीवरनं उड्या मारत वर जाऊ? आली, एवढ्या उशिरा आली, हातात काय हाय, कोण सोडून गेलं. सगळं मोजून घ्यायला बरं पडतंय की नाही?”

“आमच्या घरात राहायचं तर आमच्या दारानंच—”

“आमच्या म्हणजे कुणाच्या?”

अभिनंदननं गाडीचं दार आपटलं. “खरं बोलू? वेगळं दार, वेगळी चूल, वेगळं मीटर. आज तू म्हणशील जिना माझा. उद्या म्हणशील मजला माझा. परवा वकील घेऊन येशील. आणि तो बाहेरचा जिना बसतोय कुठं? राजवीरला विचार. माझ्या शेडात! शेड काढायचं म्हणतोय तो. माझी गाडी उन्हात आणि तुझा जिना सावलीत!”

“शेड परवानगीत न्हाय. तिथं उघडा जिना चालतो, छप्पर न्हाय.”

“गावात कुणाचं शेड परवानगीत हाय?”

आदितीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्यासाठी! एका गाडीच्या सावलीसाठी बाईमाणसाचं दार भिंतीत गाडून टाकायचं! तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी पेपर पुन्हा तोंडापुढं धरला होता. त्या क्षणी तिला भावापेक्षा बापाचाच राग जास्त आला. भाऊ निदान सरळ ओरबाडत होता. बाप शब्द देऊन आता पेपराच्या मागं बसला होता.

“मी माझे पैसे ह्या सामान खोलीत घालणार न्हाय,” ती म्हणाली.

“नको घालू,” अभिनंदन हसला. “मग राहा खालच्याच खोलीत. डबा हायच की तुझा झाकलेला.”

त्या आठवड्यात ती बस्तीच्या देवळाजवळ भाड्यानं खोली बघून आली. घरमालकानं आधी नवरा कुठं असतो ते विचारलं.

रविवारी सकाळी राजवीर सह्या घ्यायला आला. नकाशाच्या दोन प्रती त्याच्या हातात होत्या, दोन्हींवर जिना आतच. आदिती दारात उभी राहिली. अण्णांनी चष्मा लावला, पेन उघडलं. तिच्याकडं न बघता सही केली.

“झालं,” अभिनंदन म्हणाला.

“काकूंची पण लागेल,” राजवीर म्हणाला. “प्लॉटवर दोघांची नावं हायत.”

प्लॉट घेताना बाईचं नाव असलं की घराला बरकत येते असं आजोबांनी सांगितलं होतं, म्हणून ते घातलेलं. नंतर ते सगळेच विसरले होते. अभिनंदनला त्याची फिकीर नव्हती. आई सही करणारच. अण्णांच्या सहीमागं तिची सही यायचीच. शिवाय त्याचा हिशोब पक्का होता. रात्रीच्या जेवणावर आई एवढी जळते, ती रात्रीच्या जेवणासाठी वेगळी चूल मांडू देईल? ओटा नाही म्हटल्यावर ती खूशच होईल.

सुरेखाबाई पदराला हात पुसत आल्या. बसल्या. रोज शास्त्र वाचायची सवय असल्यामुळं त्यांनी कागदही तसाच वाचला, एकेक अक्षर ओठांनी उचलत.

“सामान खोली,” त्या थांबल्या. “हिचं कसलं सामान?”

“नुसतं लिहायला, काकू,” राजवीर म्हणाला. “दाखला मिळाला की तिथं ओटा घालायचा.”

“म्हणजे ओटा घालायचा हाय.”

“व्हय, पण लिहायचं न्हाय.”

“म्हणजे खोटं लिहायचं. आणि त्याच्याखाली मी माझं नाव घालायचं.”

“आई, खोटं न्हवं, व्यवहार असतो,” अभिनंदन म्हणाला. “आणि ओटा तर मी म्हणतो घालूच नये. रातच्याला जेवायला दुसरी चूल कशाला घरात? तूच सांग.”

सुरेखाबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो अर्धं पाऊल मागं सरला.

“मग कुठल्या चुलीवर करणार ती? माझ्या?” त्यांचा आवाज चढला. “दूध तापवलं तिनं माझ्या शेगडीवर, तवापासनं मला घास गोड लागत न्हाय! तिला रातीचं खायचं असलं तर खाऊ दे, तिचं पाप तिच्यासंगट. माझ्या ओट्यावर न्हाय. वेगळी चूल पायजे म्हणजे पायजेच, आणि वेगळं दार बी. तिच्या घरातला रातचा खरकटा हात माझ्या हॉलमधनं जाणार? डोकं ठिकाणावर हाय का तुम्हा बापलेकांचं?”

“आई, अगं शेड—”

“शेड गेलं चुलीत!” सुरेखाबाईंनी कागद राजवीरच्या पुढ्यात ढकलला. “स्वयंपाकघर लिही. जिना भाईर काढ. मग आण, मी सही करते. न्हायतर हे घर असंच राहू दे, सळयांसकट.”

आदिती दारातच होती. जिंकल्यासारखं तिला काही वाटलं नाही. आईनं तिची बाजू घेतली नव्हती, आपल्या शेगडीची घेतली होती. लेकीला दार मिळालं ते लेक विटाळाची म्हणून. तिचे डोळे भरून आले आणि तेही रागानंच. पण दार तिला हवं होतं. कुणाच्या का कारणानं मिळेना.

नवा नकाशा झाला, ‘स्वयंपाकघर’ असं स्पष्ट लिहून. दोघांच्या सह्या झाल्या. महापालिकेनं शेड काढायच्या अटीवर परवानगी दिली. अण्णांनी पत्रे उतरवून घेतले तेव्हा अभिनंदन दुकानात होता. संध्याकाळी आला आणि त्यानं गाडी त्याच टाइलवर, उघड्यावर लावली. मग तिथनं ती हलेचना. दुकानाला तो मोटरसायकलवरून जायला लागला. किल्ली खिशात.

गवंडी आकाराम माणसं घेऊन आला. जिन्याचे खड्डे नेमके गाडीच्या खाली यायचे होते.

“दादा म्हणत्यात, संध्याकाळी काढतो,” आकारामनं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं पहार भिंतीला टेकवली. “बाई, माझी माणसं बसून हायती. आजऱ्याचं एक काम आलंय. जाऊ का तिकडं?”

आदितीनं त्या दिवशी रजा टाकली होती. ती पट्ट्याच्या तोंडाशी आली. मागं आवाराची भिंत, एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला कंपाउंड. गाडीला बाहेर पडायला वाट एकच, पुढची.

“जिन्याची पहिली पायरी कुठं येती?”

आकारामनं पायानं दाखवलं. गाडीच्या नाकापासून हातभर पुढं.

“तिथनंच सुरू करा.”

“बाई, मग गाडी आत अडकंल की!”

“नकाशात तिथं गाडी न्हाय. जिना हाय. तुम्ही नकाशाप्रमाणं खणा.”

आकाराम गालातल्या गालात हसला आणि पहार उचलली. चकचकीत टाइल पहिल्याच घावाला फुटली. आवाज ऐकून अण्णा बाहेर आले, फुटकी टाइल बघून आत गेले, आणि फोनवर त्यांचा आवाज ऐकू आला, “अरे, ये लवकर. पोरीनं खड्डा मारायला घेतलाय!”

खड्डा गुडघाभर होईतोवर अभिनंदन आला. मोटरसायकल त्यानं तशीच आडवी टाकली.

“अक्का! डोक्यावर पडलीस काय?”

“काढायची तर आत्ता काढ. आणखी तासाभरानं निघायची न्हाय.”

“माझी टाइल फोडलीस!”

“बिल दे. भरते.”

“अण्णा, बघताय काय? सांगा की हिला!”

अण्णा पायरीवर उभे होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि आकारामच्या माणसांना म्हणाले, “फळी आणा रे. खड्ड्यावर टाका. गाडी काढू दे त्याला.”

अभिनंदन बापाकडं बघत राहिला. मग गाडीत बसला. फळ्या टाकल्या, चाकं कुरकुरत त्यांवरून गेली, बाजूची भिंत गाडीला घासली आणि पांढऱ्या रंगावर लांबलचक ओरखडा उठला. गाडी पुढच्या अंगणात, उन्हात आली. त्यानं काच खाली केली.

“अण्णा हायत तोवर कर चैन,” तो म्हणाला. “ते न्हाईत तवा बघतो तुझा जिना.”

“तवाचीच तयारी चाललीया,” आदिती म्हणाली.

गाडी फाटकातून गेली. तिनं ओढणी कमरेला खोचली. आकाराम खड्ड्यात उतरून वर बघत होता.

“एवढा बास झाला का, बाई?”

“न्हाय,” ती म्हणाली. “आणखी खोल घ्या.”