बिननावाची चिठ्ठी

गटानं काम करा म्हटलं की दोघं राबतात आणि बाकीचे नुसती नावं लावतात. कोणत्याही शाळेत विचारा! जळगाव जामोदच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या रमाकांत सरांनी यावर तोड काढली. नववीसाठी त्यांनी ऑनलाइन फळा सुरू केला. मुलांनी घरच्या मोबाइलवरून नाहीतर शाळेच्या संगणकावरून त्यावर आपापली चिठ्ठी लावायची, दुसऱ्याच्या चिठ्ठीखाली शंका विचारायची. लाजरी मुलंही लिहिती व्हावीत म्हणून सरांनी पहिले काही दिवस नावं झाकून ठेवली. हेतू चांगलाच होता हो, त्यात खोट नाही.

विषय होता 'आपल्या गावचं पाणी'. शनिवारी वर्गात पडद्यावर फळा उघडला आणि सर एका चिठ्ठीपाशी थांबले. कुणीतरी सात हापशांचं पाणी आणून, प्रत्येकात तोच साबण विरघळवून फेस पट्टीनं मोजला होता. खाली नीट आखलेला तक्ता, आणि शेवटी एक प्रश्न: 'सगळ्यात कमी फेस आमच्या वस्तीतल्या पाण्याला येतो, म्हणजे तेच सगळ्यात जड. चांगलं पाणी हवं असेल तर अर्ज कुणाकडे करायचा?'

"वा! याला म्हणतात अभ्यास!" सर खूश झाले. "आल्हाद, तुझीच ना रे ही?"

आल्हाद वकिलांचा मुलगा, पहिल्या बाकावरचा. तो गोंधळला. "नाही सर."

"मग भार्गवीची असणार."

"नाही सर," भार्गवी म्हणाली.

सरांनी नावं उघडली. चिठ्ठीवर नाव होतं मंजुश्रीचं. बौद्ध वस्तीतली, मागच्या बाकावर बसणारी मुलगी. आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "तू? कुणी लिहून दिलं गं तुला?"

वर्ग फिसकन हसला. मंजुश्री खाली बघत राहिली.

सोमवारी तिची चिठ्ठी फळ्यावर नव्हती. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तोच तक्ता मांडायचा होता, पण तिनं तिथूनही नाव काढून घेतलं.

मंगळवारी तिची आई शाळेत आली. जनकाबाई आरोग्य खात्याच्या आशाताई होत्या, घरोघरच्या भेटी अर्ध्यावर टाकून आल्या होत्या.

"सर, पोरगी म्हनते, आता काईच लिहीत नाई मी. शाळा सुटली का पानी आनत राह्यली बिचारी, घरातली साबनाची वडी झिजवून टाकली. तुमी तिले असं काऊन इचारलं?"

"ताई, सहज निघून गेलं हो तोंडून. मनात तसं काही नव्हतं."

"आल्हादले इचारलं असतं का असं सहज?"

सरांना मागच्या वर्षीचा आल्हादचा प्रकल्प आठवला. वकिलांच्या ऑफिसातून टाइप होऊन आला होता, सगळ्या शाळेला ठाऊक होतं. त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं. सरांनीही नाही! त्यांचे कान तापले. पंचवीस वर्षं मास्तरकी केली, आणि हे?

"चुकलं माझं," ते कसंबसं म्हणाले. "यापुढं नावं कायमची झाकूनच ठेवतो. म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही."

"झाकता काऊन? झाकलं होतं तवा तर तुमी वा म्हनलंच होतं. आता नाव पाहून म्हना न!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सरांची चिठ्ठी होती, त्यांच्या नावानिशी. ती त्यांनी वर्गात उभं राहून वाचली. 'काम पाहून मी वा म्हणालो आणि नाव पाहून संशय घेतला. माझा संशय मंजुश्रीच्या वस्तीवर होता. मला याची लाज वाटते. मंजुश्री, मला माफ कर.' आल्हाद उठला, "सर, मीपण हसलो होतो," म्हणाला आणि मान खाली घालून बसला. मंजुश्रीनं वर पाहिलं नाही.

शुक्रवारी सरांच्या चिठ्ठीखाली तिचं उत्तर आलं. 'सर, तक्ता परत लावला आहे. पण माझा प्रश्न तसाच राहिला. अर्ज कुणाकडे करायचा?'

सर पुन्हा ओशाळले. तिचं कौतुक करायच्या नादात, तिच्यावर संशय घ्यायच्या नादात आणि माफी मागायच्या नादातही, तिनं विचारलेलं त्यांनी एकदाही वाचलं नव्हतं! त्याच दुपारी ते मंजुश्रीला आणि जनकाबाईंना घेऊन नगरपालिकेत गेले. अर्जावर पहिली सही मंजुश्रीची झाली, पूर्ण नावाची.

मंडळी, नाव झाकलेलं असताना आपण सगळेच न्यायी असतो. नाव, आडनाव, वस्ती डोळ्यांसमोर असताना आपल्या तोंडून आधी काय निघतं, ते एकदा ऐकून बघा.